धुळ्यातलं झेंड्यांचं दुकान: शिवण पक्की, पावतीतले शब्द कच्चे

धुळ्याच्या पाचकंदील भागात, कापडबाजाराच्या आतल्या गल्लीत, झेंडे शिवणारं एक दुकान आहे. बाहेरून साधं शिवणकामाचं दुकान वाटतं: दोन मशिनं, कापड कापायचं लांब टेबल, भिंतीला टेकवलेल्या काठ्या आणि छताजवळच्या फळीवर रंगांप्रमाणे रचलेले गठ्ठे. भगवा झेंडा, वारकऱ्यांची पताका, पंचशील ध्वज, निळा झेंडा, उरुसाची हिरवी निशाणं, शाळांमधल्या हाऊसचे झेंडे, पालखीपुढच्या अब्दागिरीचं कापड हे सगळं इथे ऑर्डरप्रमाणे शिवून मिळतं. तिरंगा मात्र ते स्वतः शिवत नाहीत, प्रमाणित खादीचा मागवून विकतात.

शिवणीला दहापैकी नऊ गुण द्यावेत इतकं काम चांगलं आहे. ऑर्डर लिहून घेण्याच्या पद्धतीला पाचाच्या वर देता येत नाहीत. झेंडा बिघडतो तो बहुतेक वेळा मशिनवर नाही, पावतीवर बिघडतो. गिऱ्हाईक एक शब्द वापरतं, काउंटरवरचा मुलगा दुसरा लिहितो आणि मास्तर तिसराच अर्थ घेऊन कात्री चालवतात. म्हणून इथे दुकानाच्या कामाबरोबर ते शब्दही तपासले आहेत.

चांगल्या गोष्टीपासून सुरुवात करू. मास्तरांचा पहिला प्रश्न रंगाचा नसतो, कापडाचाही नसतो. "झेंडा कथा लावाना शे, भाऊ?" झेंडा कुठे लावायचा आहे, हे आधी कळलंच पाहिजे. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. तिथल्या वाऱ्यात टिकणारं जाड कापड जळगावच्या गल्लीत लावलं, तर वारा ते उचलतच नाही, झेंडा दिवसभर काठीला चिकटून लोंबतो. उलट गल्लीत छान फडकणारं पातळ कापड पठारावर पंधरवड्यात चिंध्या होतं. मास्तर उघड्या माळासाठी जाड विणीचं पॉलिएस्टर सुचवतात, गावातल्या गच्चीसाठी हलकं पॉलिएस्टर आणि देवळाच्या सभामंडपात सॅटिन. सॅटिन बाहेर लावायचा हट्ट धरला तर देतात, पण आधी सांगतात की त्याचे धागे ओढले जातात आणि कडा लवकर सुटतात. हा सल्ला अगदी बरोबर आहे.

रंगाच्या बाबतीत आपल्याकडचं ऊन कठोर आहे. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि भगवा रंग डोळ्यांदेखत फिका पडत जातो. कापड निवडताना पांढरा रुमाल ओला करून त्यावर घासून बघावा. रुमालाला रंग लागला तर त्या कापडाचा रंग पावसात पांढऱ्या पट्ट्यावर उतरणार हे नक्की. दुकानात ही परीक्षा करू देतात, कोणी कपाळाला आठ्या घालत नाही.

आता त्या पावतीकडे. छापील पावतीवर सहा रकाने आहेत: कापड, माप, रंग, चिन्ह, बाजू, नेफा. त्यातले दोन घोळ करतात, माप आणि बाजू.

मापाच्या रकान्यात 'उंची × रुंदी' असं छापलं आहे. पडदे आणि सदरे शिवणाऱ्यांची ती सवय असते, उंची आधी. झेंड्याचं माप मात्र लांबी आधी सांगून घेतात. ध्वजसंहितेत तिरंग्याची मापं लांबी आणि मग उंची अशीच दिली आहेत. बाजारातही 'तीन बाय दोन' म्हणणाऱ्याला काठीपासून पुढे तीन फूट आणि काठीच्या कडेने दोन फूट असंच म्हणायचं असतं. पावतीवर ते जसंच्या तसं उतरलं की काठीकडे तीन फूट आणि पुढे फक्त दोन फूट असा उभट झेंडा तयार होतो. मास्तर समोर असले तर विचारून घेतात, पण गर्दीच्या दिवसांत ऑर्डर काउंटरवरचा मुलगा घेतो. त्यावर उपाय एकच: पावतीवर हाताने 'काठीकडे २ फूट, पुढे ३ फूट' असं लिहून घ्यावं. बाय हा शब्दच वापरू नये.

बाजूचा रकाना त्याहून अवघड. तिथे 'डावी / उजवी' असे दोन पर्याय आहेत आणि त्यातल्या एकावर टिक करायची. पण कोणाची डावी? बघणाऱ्याची की झेंड्याची?

हा प्रश्न फार जुना आहे आणि ढालींवरच्या चिन्हांचं शास्त्र, म्हणजे हेराल्ड्री, त्याचं उत्तर ठामपणे देतं: ढाल धरणाऱ्याची उजवी ती ढालीची उजवी. समोरून बघणाऱ्याला ती डावीकडे दिसते. आपली ध्वजसंहिता हाच हिशोब वापरते. तिरंगा भिंतीवर आडवा लावला तर केशरी पट्टा वर. उभा लावला तर केशरी पट्टा झेंड्याच्या उजव्या बाजूला, म्हणजे समोर उभ्या असलेल्या माणसाच्या डावीकडे. संहितेने दोन्ही बाजू सांगून घोळ मिटवला आहे. सभागृहांमध्ये उभा तिरंगा उलट लागलेला दिसतो तो बहुतेक वेळा अर्धंच वाक्य ऐकल्यामुळे. कोणीतरी 'केशरी उजवीकडे' एवढंच लक्षात ठेवतं आणि स्वतःच्या उजवीकडे लावून मोकळं होतं.

शिवून घ्यायच्या झेंड्याला तर डावी-उजवी हे शब्द लागूच पडत नाहीत, कारण झेंडा दोन्ही बाजूंनी दिसतो आणि एका बाजूची डावी ती दुसऱ्या बाजूची उजवी असते. झेंड्याला खऱ्या बाजू दोनच: काठीकडची कड आणि फडकती कड. जगभरच्या झेंड्यांच्या परिभाषेत त्यांना हॉइस्ट आणि फ्लाय म्हणतात. मास्तर पहिलीला 'नेफ्याची बाजू' म्हणतात आणि दुसरीला 'शेवट'. हे शब्द परिभाषेइतकेच नेमके आहेत. पावतीवर तेच छापले असते तर निम्मे घोळ झाले नसते. काठी बघणाऱ्याच्या डाव्या हाताला असताना जी बाजू दिसते ती झेंड्याची दर्शनी बाजू, पलीकडची पाठची बाजू. एवढे चार शब्द ऑर्डर देणाऱ्याला माहीत असले की काम भागतं.

याचा प्रत्यक्ष परिणाम चिन्हावर होतो. सिंह, घोडा, मोर असं तोंड असलेलं चिन्ह झेंड्यावर असेल तर त्याचं तोंड काठीकडे असावं, असा रिवाज आहे. कारण सरळ आहे: झेंडा घेऊन माणूस पुढे चालतो तेव्हा काठी पुढे असते आणि कापड मागे उडतं. तोंड शेवटाकडे असेल तर प्राणी पळ काढतोय असं दिसतं. पावतीवर 'तोंड डावीकडे' लिहिलं तर दर्शनी बाजूला बरोबर येतं. पण पाठची बाजू वेगळ्या कापडाची करायची असेल आणि तिथेही 'डावीकडे' हाच हुकूम पाळला, तर पाठीमागचा घोडा शेवटाकडे तोंड करून बसतो. 'दोन्ही बाजूंना तोंड काठीकडे' हे चार शब्द लिहिले की प्रश्न मिटला.

चरखा जाऊन चक्र का आलं, यामागे हेच कारण होतं, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेत राष्ट्रध्वजाचा ठराव मांडताना नेहरूंनी ही अडचण सांगितली होती: झेंड्यावरचं चिन्ह दोन्ही बाजूंनी सारखं दिसायला हवं, आणि चरख्याला एका टोकाला चाक, दुसऱ्या टोकाला चाती असल्याने मागून बघितलं की तो उलटा दिसतो. चक्राला डावं-उजवं नाही. नंदुरबारला १९४२ साली शिरीषकुमार आणि त्याचे सोबती ज्या झेंड्यासाठी गोळ्या झेलून गेले, तो चरख्याचा तिरंगा होता, १९३१ साली काँग्रेसने स्वीकारलेला. ९ सप्टेंबरच्या आसपास शाळा नाटुकल्यांसाठी तो झेंडा मागतात आणि पुष्कळदा चक्राचाच तिरंगा रंगमंचावर येतो. या दुकानात चरख्याचा झेंडा मागितला की शिवून देतात, चाक काठीकडे ठेवून. याबद्दल मास्तरांना मनापासून दाद द्यायला हवी.

अक्षरांचं मात्र वेगळं आहे. शाळेचं किंवा मंडळाचं नाव एकेरी कापडावर छापलं तर मागून ते आरशातल्यासारखं उलटं दिसणारच. दोन्हीकडून वाचता यायला हवं असेल तर दोन कापडं पाठीला पाठ लावून शिवावी लागतात आणि मध्ये एक अपारदर्शक थर घालावा लागतो, नाहीतर उन्हात मागची अक्षरं पुढे उमटतात. असा तीन थरांचा झेंडा वजनदार होतो, मंद वाऱ्यात हलतच नाही. दुकान तो करून देतं, पैसे दुपटीच्या वर घेतं, पण हलणार नाही हे आधी सांगत नाही. हे सांगायला हवं. मिरवणुकीत हाती धरायचा असेल तरच तिहेरी घ्यावा, खांबावर लावायचा असेल तर अक्षरं गाळून फक्त चिन्ह ठेवावं.

झेंड्याच्या इतर भागांनाही आपल्याकडे शब्द आहेत, ते साडीच्या दुकानातून उचलता येतात. झेंड्याचा मूळ रंग, ज्याला परिभाषेत फील्ड म्हणतात, ती 'जमीन': लाल जमिनीवर पिवळी बुट्टी म्हणतो तीच. त्यावरचं चिन्ह म्हणजे चार्ज. काठीकडचा वरचा चौकोनी कोपरा म्हणजे कँटन, आपल्या नौदलाच्या झेंड्यात तिरंगा बसवलेला असतो तो कोपरा. दोन रंगांच्या मध्ये घातलेली बारीक पट्टी, फिम्ब्रिएशन, तिला 'कोर' म्हटलं की मास्तरांना लगेच कळतं. काठीच्या टोकावरचा धातूचा भाग म्हणजे कळस.

कोर ही नुसती शोभेची गोष्ट नाही. ढालींच्या शास्त्रात एक कडक नियम आहे. पिवळा आणि पांढरा हे 'धातू', म्हणजे सोनं आणि चांदी. लाल, निळा, हिरवा, काळा, जांभळा हे 'रंग'. धातूवर धातू नको, रंगावर रंग नको. कारण लांबून ओळखू आलं पाहिजे. पांढऱ्यावर पिवळं चिन्ह दुपारच्या उन्हात वीस पावलांवरून दिसेनासं होतं. निळ्यावर लाल चिन्ह ढगाळ दिवशी नुसता काळा डाग वाटतो. तिरंगा बघा: केशरी आणि हिरव्याच्या मध्ये पांढरा, आणि पांढऱ्यावर गडद निळं चक्र. नियमात चपखल बसतो, म्हणूनच लांबून चटकन ओळखू येतो. दुकानातल्या शाळांच्या नमुन्यांमध्ये लाल जमिनीवर हिरवी मशाल, निळ्यावर काळं पुस्तक असे नमुने आहेत. शिवण देखणी आहे, पण मैदानाच्या पलीकडून मुलांना आपला झेंडा कोणता ते कळणार नाही. रंग बदलायचे नसतील तर चिन्हाभोवती निदान अर्धा इंच पांढरी कोर मागावी. मास्तर ती सुबक लावून देतात, स्वतःहून सुचवत नाहीत.

शाळेच्या ढालीवर चार सिंहांची राजमुद्रा बसवून द्या, अशी मागणी इथे येते आणि दुकान ती नाकारतं. बरोबर करतं. राजमुद्रेच्या वापरावर २००५ चा स्वतंत्र कायदा आहे आणि खासगी संस्थेला ती आपल्या चिन्हात घेता येत नाही.

शिवणीबद्दल बोलायचं तर फडकत्या कडेपाशी थांबायला हवं, कारण झेंडा तिथूनच मरतो. काठीकडची कड बांधलेली असते, शेवटची कड चाबकासारखी आपटत राहते आणि तिथले धागे आधी सुटतात. साधा शिंपी सगळ्या कडांना एकच दुमड घालतो. इथे फडकत्या कडेला दुहेरी दुमड आणि चार ओळी टीप असते, टीप बारीक आणि दोन्ही कोपऱ्यांत मशिन मागेपुढे फिरवून पक्की केलेली. नेफ्याच्या वरच्या आणि खालच्या कोपऱ्यात त्रिकोणी ठिगळ असतं, कारण सगळा ताण त्या दोन ठिकाणी येतो. झेंडा उन्हाकडे धरून बघितला तर ठिगळाच्या तिन्ही बाजूंची टीप सलग दिसते, कुठे सुटलेली नसते.

दोन शेंड्यांच्या भगव्याची खरी परीक्षा मधल्या खाचेत असते. दोन शेंडे जिथे मिळतात तो आतला कोन वाऱ्यात सारखा फाकतो, आणि कापड तिथून आडवं फाटत थेट काठीपर्यंत जातं. खाच जितकी खोल तितका धोका मोठा. मास्तर खाच लांबीच्या एक तृतीयांशापेक्षा खोल घेत नाहीत, आतल्या कोनाला टोकदार न कापता किंचित गोलाई देतात आणि मागून सुपारीएवढं ठिगळ लावतात. हे काम पाहण्यासारखं आहे. तयार झेंडे विकणाऱ्या गाड्यांवर हे ठिगळ मिळणार नाही.

फडकती कड विरली की भगवा परत आणून दोन इंच कापून नव्याने दुमडून घेता येतो, दुकान ते नाममात्र पैशांत करतं. तिरंग्याला मात्र कात्री लावू नये. लांबी कमी झाली की ३:२ हे प्रमाण मोडतं आणि तो नियमातला राष्ट्रध्वज राहत नाही. फाटका किंवा विस्कटलेला तिरंगा लावायचा नसतोच. संहितेप्रमाणे तो खासगीत, शक्यतो जाळून, संपूर्ण नष्ट करायचा असतो.

तिरंगा घेताना काय बघावं? भारतीय मानकांच्या यादीत पहिल्याच क्रमांकावर राष्ट्रध्वज आहे आणि त्याची नऊ मापं ठरलेली आहेत, ६३०० बाय ४२०० मिलिमीटरपासून १५० बाय १०० पर्यंत. सर्वांत लहान टेबलासाठी, २२५ बाय १५० मोटारीसाठी, ४५० बाय ३०० अतिमहत्त्वाच्या व्यक्तींच्या विमानासाठी. शाळा-ग्रामपंचायतींच्या कामाची मापं मधली: ९०० बाय ६००, १३५० बाय ९००, १८०० बाय १२००. चक्राचा व्यासही ठरलेला आहे, याच क्रमाने १८५, २८० आणि ३७० मिलिमीटर. सोबत पट्टी न्यावी. ९०० बाय ६०० च्या झेंड्यात पांढरा पट्टा २०० मिलिमीटरचा, म्हणजे १८५ च्या चक्राला वर-खाली जेमतेम साडेसात मिलिमीटर जागा उरते. बाजारातल्या पुष्कळ झेंड्यांवर चक्र पट्ट्याच्या मधोमध लहानसं तरंगत असतं, तिथेच ते चुकतं. मग आरे मोजावेत, चोवीस. मग झेंडा उजेडाकडे धरून पुढचं आणि मागचं चक्र एकमेकांवर बसतं का ते बघावं. दोन्ही बाजूंनी छापताना अर्ध्या सेंटिमीटरने सरकलं तरी उन्हात आरे दुप्पट दिसतात.

या दुकानातला खादीचा तिरंगा या तिन्ही परीक्षांत उतरतो. हुबळीजवळच्या बेंगेरीचा कर्नाटक खादी ग्रामोद्योग संयुक्त संघ राष्ट्रध्वजाच्या कामासाठी देशभर ओळखला जातो, आणि नांदेडला मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीतही तिरंगा तयार होतो. कुठून मागवला ते पावतीवर लिहून मागावं. ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीपासून पॉलिएस्टरचा आणि यंत्रावर तयार झालेला तिरंगाही चालतो, जुलै २०२२ पासून सामान्य माणसाला घरावर तो रात्रंदिवस ठेवता येतो. रोज बाहेर राहणाऱ्या झेंड्याला पॉलिएस्टर सोयीचं आहे, पावसात लवकर वाळतं. पण झेंडावंदनाला खादीच घ्यावी असं आग्रहाने म्हणावंसं वाटतं. ती वाऱ्यावर ज्या संथपणे उलगडते तसं दुसरं कापड उलगडत नाही.

खांब आणि झेंडा यांचं प्रमाण दुकानात कोणी विचारत नाही, ही उणीव आहे. झेंड्याची लांबी खांबाच्या पाव ते एक तृतीयांश असावी. वीस फुटी खांबाला १८०० बाय १२०० शोभतो, पंधरा फुटीला १३५० बाय ९००. त्याच वीस फुटीवर ९०० चा लावला की रुमालासारखा दिसतो.

दोरी, कप्पी, गुल्ली हे सामान इथे एकत्र मिळतं आणि दर्जा चांगला आहे. वीस फुटी खांबाला जाऊन-येऊन चाळीस फूट दोरी, गाठींसाठी पाच फूट वर. सुती दोरी पावसात फुगते आणि कप्पीत अडकते, साध्या नायलॉनवर गाठ सरकते. विणलेली पॉलिएस्टरची सहा ते आठ मिलिमीटरची घ्यावी. कप्पीचं चाक आणि बाजूचा पत्रा यांच्यात फट असेल तर दोरी चाकावरून उतरून त्या फटीत शिरते. ऐन झेंडावंदनाला झेंडा अर्ध्यावर अडकतो तो बहुधा यामुळेच. दुकानात कप्पी हातात घेऊन चाक फिरवावं आणि दोरीचा तुकडा फटीत घालून बघावा. शिरत असेल तर दुसरी मागावी.

इथल्या शिवलेल्या झेंड्यांना नेफ्यातून ओवलेली दोरी असते, वरच्या टोकाला लाकडी गुल्ली आणि खालच्या टोकाला फास. गुल्ली कायम वर, हे लक्षात ठेवलं की झेंडा उलटा लागत नाही. तिरंगा उलटा लागण्याचे जे प्रकार होतात ते दोन्ही टोकं सारखी दिसल्यामुळे. आदल्या संध्याकाळी वरच्या टोकाला केशरी दोऱ्याचा एक वेढा घालून ठेवावा, सकाळच्या घाईत डोळे तिकडेच जातात.

फुलं घालून बांधलेला झेंडा हवा असेल तर दुकान बांधून देत नाही, पण पद्धत दाखवतं. राष्ट्रीय सणांना झेंड्यात पाकळ्या ठेवायला संहितेची हरकत नाही, खांबाच्या टोकावर हार किंवा फुलं मात्र नकोत. पाकळ्या कोरड्या असाव्यात. ओल्या झेंडूचा पिवळा डाग खादीच्या पांढऱ्या पट्ट्यावर बसला की निघत नाही. बांधताना सुरगाठच मारावी. आर्द्र हवेत दोरी फुगते, निरगाठ बसली तर गाठोडं तसंच वर राहतं आणि पाहुणे खाली दोरी ओढत राहतात. सकाळी एकदा सुरगाठ ओढून, सोडून, पुन्हा बांधावी.

झेंडा अर्ध्यावर ठेवायचा असेल तर आधी टोकापर्यंत चढवून मग अर्ध्यावर आणतात, आणि उतरवण्याआधी पुन्हा टोकाला नेतात. त्यासाठी दोरीवर अर्ध्याची खूण रंगाने करून मिळते, मागायला हवी.

एका शब्दाबद्दल सावध राहावं: पताका. वारकऱ्याच्या खांद्यावरची काठीची पताका आणि गल्लीत दोरीला ओवलेल्या कागदी-कापडी त्रिकोणांच्या पताका, दोन्हींना आपण तोच शब्द वापरतो. 'पन्नास पताका' अशी ऑर्डर दिली तर काय येईल सांगता येत नाही. 'काठीची' किंवा 'माळेची' हा एक शब्द आधी जोडावा. काठीच्या पताकेला नेफा एका बाजूने बंद हवा, म्हणजे काठीचं टोक वर अडतं आणि चालताना कापड खाली सरकत नाही. हेही लिहून घ्यावं, कारण पावतीवर 'नेफा: हो / नाही' एवढंच आहे.

पंचशील ध्वज घेताना पट्ट्यांचा क्रम काठीकडून मोजावा: निळा, पिवळा, लाल, पांढरा, केशरी, आणि शेवटी पाचही रंगांचे आडवे तुकडे असलेला सहावा पट्टा. सहावा पट्टा फडकत्या कडेला असतो. नेफा चुकीच्या कडेला शिवला गेला की तो काठीकडे येतो. दुकानातल्या एका तयार नमुन्यात तसं दिसलं, दाखवल्यावर मास्तरांनी लगेच बाजूला काढला.

भाव वाजवी आहेत. तयार झेंड्याच्या साधारण दीडपट पैसे जातात, पण खाचेचं ठिगळ आणि चार ओळींची टीप पाहता ते वसूल होतात. वेळेचं मात्र आधी ठरवावं. मुक्ताईनगरहून मुक्ताईची पालखी निघायच्या आधीचे पंधरा दिवस आणि ऑगस्टचा पहिला पंधरवडा इथे श्वास घ्यायला फुरसत नसते, तेव्हा आठ दिवसांचे पंधरा होतात. जुलैच्या शेवटी ऑर्डर द्यावी, दुपारी तीनच्या सुमारास जावं, तेव्हा मास्तर स्वतः टेबलावर असतात. झेंडा हातात आला की तिथेच काठीला लावून बघावा, दोन्ही बाजूंनी. चूक निघाली तर त्याच दिवशी उसवून देतात.